जुनी नाव घेण्यापूर्वीं

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. रायगडच्या किनाऱ्यावरील मनुष्यानें तिला तिसरा चरण जोडावयास हरकत नाहीं : जुनी नाव पाहावी घेऊन. घराच्या भिंतीला तडा गेला तर तो डोळ्यांना दिसतो. सोयरिकींत कांहीं बिघडलें तर चार माणसें मध्यें पडतात. नावेचा दोष मात्र पाण्याखालीं दडलेला असतो, आणि तो ज्या वेळीं उघडकीस येतो त्या वेळीं मध्यें पडावयास जवळपास कोणीच नसतें. अशाच एका नावेची परीक्षा करण्याचा प्रसंग गेल्या कार्तिकांत माझ्यावर आला. त्यांत जें शिकावयास मिळालें, तें आज आपणांस सांगणार आहें.

माझा भाचा गेलीं सहा वर्षें मांडव्याच्या बाजूला दुसऱ्यांच्या वेगवान नावा चालवितो. मार्च २०२० मध्यें मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत मोटारींसह माणसें नेणारी मोठी रो-रो नाव सुरू झाली, आणि तेव्हांपासून अलीबागेकडे येणाऱ्या मंडळींची वर्दळ आणखीच वाढली. शनिवार-रविवारीं या मंडळींना समुद्रावर हिंडवून आणावें, खांदेरी-उंदेरीचे किल्ले पाण्यावरून दाखवावे, असा धंदा करणारे पुष्कळ झाले आहेत. आपणही त्यांतले एक व्हावें, ही त्या मुलाची इच्छा अगदीं स्वाभाविक होती. एके सकाळीं तो घरीं आला आणि म्हणाला, "मामा, स्वतःची नाव घ्यायची संधि आली आहे. दोन इंजिनांची नाव, दहा माणसें बसतील. मालक चौदा लाख मागतो आहे. नवी घ्यायची तर याच्या तिप्पट पडेल. मागच्या पायांचें थोडें काम आहे, एवढेंच."

व्यवहारांत 'थोडें' हा शब्द मोठा फसवा असतो. म्हणून मीं विचारलें, "पैसे कोठून आणणार?" तो कांहीं बोलला नाहीं. संध्याकाळीं बहिणीचा फोन आला, तेव्हां उत्तर कळलें. चौलकडची तिची नारळ-सुपारीची वाडी गहाण टाकावयाची होती. मेहुणे गेल्यापासून त्या वाडीवरच तिचा संसार चालला आहे. ती म्हणाली, "दादा, मला यंत्रांतलें कांहीं कळत नाहीं. तूं बघून ये. तूं सांगशील तसें मी करीन." मीं जन्मभर शाळेंत मुलांच्या पेपरांवर गुण दिले, परंतु एका गुणाच्या चुकीनें कोणाची वाडी जाईल, असा पेपर माझ्यापुढें कधीं आला नव्हता.

आतां हे 'पाय' म्हणजे काय, तें प्रथम सांगितलें पाहिजे. नावेला गति देण्याच्या मुख्य तीन रीति आहेत. पहिली आपल्या मच्छीमार बांधवांच्या परिचयाची : इंजिन नावेच्या पोटांत, त्यापासून निघालेला लोखंडी दांडा तळांतून बाहेर, आणि दांड्याच्या टोकाला पंखा. दुसरींत सबंध इंजिनच नावेच्या मागील फळीवर बाहेरून टांगलेलें असतें. त्याला आउटबोर्ड म्हणतात. तिसरी या दोहोंचा संकर आहे. इंजिन आंत, मागील फळीला लागून. पण पंखा फिरविणारी सर्व दांतेरी चक्रें बाहेर लोंबणाऱ्या एका धातूच्या पायांत. इंग्रजींत याला स्टर्न-ड्राइव्ह म्हणतात. जिम विन नांवाच्या अमेरिकन इंजिनिअरच्या कल्पनेवरून स्वीडनमधील व्होल्वो पेंटा या कारखान्यानें १९५९ सालीं हें यंत्र बाजारांत आणलें, आणि पुढें तें जगभर पसरलें.

कल्पना मोठी चतुर आहे, यांत शंका नाहीं. इंजिन मागें सरकल्यामुळें नावेंत बसावयास जागा मोकळी होते. पाय डावीकडे-उजवीकडे वळतो, म्हणून निराळें सुकाणू लागत नाहीं. उथळ पाण्यांत तो वरही उचलतां येतो. परंतु चातुर्याची किंमत कोठेंतरी द्यावी लागतेच. आंतल्या इंजिनाची शक्ति बाहेरच्या पायांत न्यावयाची, तर मागील फळीला मोठें भोंक पाडावें लागतें. पाय वळतो आणि उचलला जातो, म्हणून तेथें घट्ट सांधा चालत नाहीं. बाजाच्या पेटीच्या भात्यासारखी घड्यांची रबरी नळी बसवावी लागते. समुद्र आणि नावेचें पोट यांच्यामध्यें या रबराचाच काय तो आडपडदा! तें फाटलें म्हणजे पाणी आधीं बेअरिंगांत शिरतें आणि मग नावेंत. म्हणून जाणते लोक तें फाटण्याची वाट पाहात नाहींत. दर दोन-चार वर्षांनीं, चांगलें दिसत असलें तरी, बदलून टाकतात.

हेंच यंत्र एखाद्या गोड्या पाण्याच्या थंड सरोवरांत, किंवा काम संपल्यावर नाव गाड्यावर चढवून कोरड्या जागीं ठेवण्याची सोय असेल तेथें, वर्षानुवर्षें उत्तम चालतें. आमच्याकडे नाव बाराही महिने खाडीच्या तोंडाशीं नांगरलेली. पाणी खारट आणि कोमट, म्हणजे गंजाला आणि कवचाच्या जीवांना दोहोंनाही मानवणारें. उधाणाच्या दिवशीं भरती आणि सुकती यांतील अंतर चार मीटरांच्या वर जातें. म्हणजे सकाळीं तरंगणारी नाव दुपारीं चिखलांत बसते, आणि तो चिखल इंजिन थंड ठेवण्यासाठीं पाणी ओढणाऱ्या छिद्रांत जातो. आउटबोर्ड यंत्र उचललें म्हणजे पाण्याच्या पूर्ण वर येतें. हा पाय उचलला तरी त्याचा बराच भाग आणि तें रबर पाण्यांतच राहातें. दोष केवळ यंत्राचा नव्हे. यंत्र आणि स्थान यांच्या न जमलेल्या सोयरिकीचा आहे.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मीं अनेक वर्षें वर्गांत शिकविली असूनही तिचें हें रूप मला कधीं सुचलें नव्हतें. लिंबांत तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोंचून त्या तारेनें जोडल्या कीं विजेचा क्षीण प्रवाह वाहतो, हा प्रयोग आपणांपैकीं पुष्कळांनीं शाळेंत पाहिला असेल. त्यांत जस्त हळूहळू झिजतें आणि तांबें शाबूत राहातें. समुद्र म्हणजे एक अफाट लिंबूच समजा. त्यांत दोन भिन्न धातु एकमेकांस जोडून बुडविले कीं त्यांतला एक दुसऱ्यासाठीं झिजूं लागतो. सर हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञानें १८२४ सालीं ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरील तांब्याचे पत्रे वांचविण्यासाठीं त्यांना जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांब्याची झीज थांबली. पण तांबें पाण्यांत विरघळेनासें होतांच त्याचा विषारी गुण गेला, आणि तळावर शेवाळ व कवचाचे जीव भराभर वाढले! आरमारानें तो उपाय टाकून दिला. तत्त्व मात्र खरें ठरलें. स्टर्न-ड्राइव्हचा पाय ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि त्याचा पंखा पुष्कळदां पोलादाचा. म्हणून पायाला जस्ताचे किंवा तत्सम धातूचे तुकडे जोडतात. ते स्वतः झिजून पायाला वांचवितात. अर्थात् झिजलेला तुकडा वेळेवर बदलला, तरच!

एवढी तयारी करून आम्ही नाव पाहावयास निघालों. माझें ज्ञान पुस्तकी, म्हणून रेवदंड्याच्या कोळीवाड्यांतील एका वृद्ध तांडेलांना मीं बरोबर घेतलें. त्यांचा नातू माझा विद्यार्थी. नाव केव्हां पाहावी, हें त्यांनींच ठरविलें. ते म्हणाले, "मास्तर, विकाऊ नाव भरतीला बघूं नये. भरतीला सगळ्याच नावा देखण्या. सुकतीला बघा." मालकाच्या माणसानें सकाळीं भरतीची वेळ दिली होती, आम्ही दुपारीं सुकतीला गेलों.

प्रथमदर्शनीं नाव सुंदर होती. पांढरें शुभ्र अंग, नव्या गाद्या, आणि मागचे दोन्ही पाय ताज्या लाल रंगानें चमकत होते. भाचा माझ्याकडे अभिमानानें पाहूं लागला. तांडेल खालीं वाकले, त्यांनीं पायावरून बोट फिरविलें आणि विचारलें, "हा रंग कुठला?" राखणदारानें सरळपणें सांगितलें कीं, लांकडी नावांच्या तळाला लावतात तोच. श्रोतेहो, त्या रंगांत तांब्याचा अंश असतो; कवचाचे जीव बसूं नयेत म्हणूनच तो घालतात. तोच रंग ॲल्युमिनियमच्या पायाला फांसला होता! म्हणजे लिंबांत दोन पट्ट्या खोंचण्याचा प्रयोग येथें चौदा लाखांच्या वस्तूवर चालला होता. रंग खरवडला तेव्हां खालीं पांढरी भुकटी आणि मसुराएवढे खड्डे दिसले. रक्षणासाठीं बसविलेल्या जस्ताच्या तुकड्यांवरही तोच रंग होता. रंगविलेलें जस्त म्हणजे डोळे बांधलेला पहारेकरी. त्याच्याकडून रक्षण व्हावयाचें नाहीं.

मग एकेक परीक्षा केली. पायाच्या तळाचा स्क्रू सैल करून आंतलें तेल बशींत घेतलें. डाव्या पायाचें तेल काळपट, पण स्वच्छ होतें; उजव्याचें दूध घातलेल्या चहासारखें. तेल दुधाळ होणें म्हणजे आंत पाणी शिरणें, आणि तें किती दिवस शिरत आहे तें चक्रें उघडल्यावांचून समजत नाहीं. रबरी भात्याच्या घड्या बोटानें उलगडल्या, तर तळाशीं केसासारख्या बारीक भेगा. मागील फळी नाण्यानें ठोकली : वर टणटणीत आवाज, भोंकाच्या आसपास मात्र पोकळ. अशा फळींत पुष्कळदां दोन फायबरच्या थरांमध्यें लांकूड असतें. भोंकाच्या कडेनें पाणी मुरलें कीं तें आंतल्या आंत कुजतें आणि बाहेरून कांहींच कळत नाहीं.

भरती आल्यावर नाव पाण्यांत चालवून पाहिली. पेट्रोलचें इंजिन नावेच्या पोटांत असेल, तर तें सुरू करण्यापूर्वीं आंतली वाफ बाहेर काढणारा पंखा चार मिनिटें चालवावा, असा नियम आहे. साचलेल्या वाफेला एक ठिणगी पुरते. राखणदार तसाच किल्ली फिरवूं लागला, तेव्हां भाच्यानेंच त्याचा हात धरला. त्या क्षणीं मला त्या मुलाचा फार अभिमान वाटला. पहिलीं दहा मिनिटें नाव उत्तम धांवली. मग वळण घेतांना मागून जात्यासारखी घरघर येऊं लागली. तें बेअरिंगचें रडगाणें. वीस मिनिटांनीं उजव्या इंजिनाचा उष्णतेचा कांटा वर चढूं लागला. परततांना गिअर उलटा टाकला, तर उजवा पाय तो धरीना. तांडेल काठावर उतरले आणि एवढेंच म्हणाले, "हिला दुखणें नाहीं, म्हातारपण आहे."

भाच्यानें एक मुद्दा काढला, आणि तो वरवर पाहतां बिनतोड होता. "मामा, इंजिनें दोन आहेत. एक बंद पडलें तरी दुसरें घरीं आणील." मीं म्हटलें, बाळ, दोन पहारेकरी तेव्हांच उपयोगी, जेव्हां दोघेही एकाच वेळीं झोंपत नाहींत. येथें दोन्ही इंजिनें एकाच वयाचीं, एकाच हाताच्या निष्काळजीपणांत वाढलेलीं, एकाच टाकींतलें पेट्रोल पिणारीं. टाकींत पाणी गेलें तर दोन्हीं एकदम थांबतील. मागील फळी मोडली तर दोन्ही पाय एकदम जातील. दोन दोषी यंत्रें मिळून एक निर्दोष यंत्र होत नाहीं. दुरुस्तीचा खर्च मात्र खात्रीनें दुप्पट होतो.

घरीं आल्यावर आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलों. त्याचा हिशेब असा होता : आश्विनापासून वैशाखापर्यंत धंद्याचे आठ महिने, म्हणजे पस्तीस आठवडे, म्हणजे शनिवार-रविवार मिळून सत्तर दिवस. खर्च वजा जातां दिवसाला आठ हजार, म्हणजे वर्षाला पांच लाख साठ हजार. अडीच वर्षांत चौदा लाख फिटले! गणितांत चूक नव्हती. उदाहरणच अपुरें उतरवून घेतलें होतें. एका जाणत्या मिस्त्रीनें पाय, बेअरिंगें व धूर बाहेर नेणारे नळ यांचे सात लाख आणि मागील फळीचे दोन लाख सांगितले. म्हणजे भांडवल तेवीस लाख. शेंकडा अकरा दरानें त्याचें व्याज वर्षाला अडीच लाखांवर. विमा, नाव दर पावसाळ्यांत वर ओढणें, रबर, जस्त, तेल मिळून दीड लाख. हातीं उरतात जेमतेम दीड लाख. त्यांतून तेवीस लाख फिटावयास पंधरा वर्षें लागतील. आणि यांतही एक दिवससुद्धां नाव बंद राहाणार नाहीं, असें धरलेलें आहे. वाऱ्यामुळें किंवा परदेशांतून येणाऱ्या एखाद्या सुट्या भागाच्या प्रतीक्षेंत वीस दिवस बुडाले, कीं ते दीड लाखही गेले.

कागदपत्रांचा प्रश्न निराळाच. १९१७ चा जुना कायदा जाऊन त्याच्या जागीं २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे, आणि आपल्या बंदरांचा कारभार महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. नावेची नोंदणी विकणाऱ्याच्या स्वतःच्या नांवावर आहे कीं नाहीं, आणि ती खाजगी हौसेसाठीं आहे कीं भाडें घेऊन माणसें नेण्यासाठीं, हें आधीं पाहावें लागतें. ही नाव हौसेची होती. तिच्यांत भाड्याचीं माणसें बसवावयाचीं तर नवी तपासणी हवी. आणि त्या कुजक्या फळीचें प्रमाणपत्र कोण देणार?

परंतु हे सारे पैशाचे विचार झाले. या किनाऱ्यावर नावेचा विचार केवळ पैशांत करतां येत नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. आमच्या लहानपणीं घरांघरांतून तिच्या आठवणी निघत. तें वादळ होतें. १८ डिसेंबर २०२४ रोजीं मात्र वादळ नव्हतें. गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे जाणाऱ्या नीलकमल नावेवर, इंजिनाची चांचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान नाव ताबा सुटून आदळली, आणि पंधरा माणसें मृत्यु पावलीं. जेथें शिस्त आहे, शिकलेलीं माणसें आहेत, तेथेंही भर वेगांत इंजिनानें ऐकलें नाहीं तर असें होऊं शकतें. मग उलटा गिअर न धरणारी नाव घेऊन, दहा परक्या माणसांना बसवून, आपण धक्क्याकडे कोणत्या विश्वासानें यावें? हा आंकडा हिशेबाच्या कोणत्याच रकान्यांत बसत नाहीं.

आमच्यापुढें तीन मार्ग होते. नाव आहे तशी घेऊन दुरुस्त करावी, हा पहिला. तो गणितानें मोडला. दुसरा, नुसतें अंग घ्यावें, दोन्ही पाय काढून टाकावे, फळी नवी बांधून भोंक बुजवावें आणि मागें आउटबोर्ड यंत्रें टांगावीं. हा मार्ग वेडेपणाचा नव्हे. पण वजन मागें सरकल्यानें नावेचा तोल बदलतो, तो जाणकाराकडून तपासून घ्यावा लागतो, आणि मग नावेची किंमत केवळ अंगाचीच धरावी लागते. तिसरा मार्ग, थांबण्याचा. आम्ही दुसऱ्या मार्गानें पांच लाखांची मागणी घातली. मालक फोनवर हंसला. मग तिसरा मार्ग आपोआपच उरला.

ती नाव पंधरा दिवसांत दुसऱ्या कोणी विकत घेतली. भाचा आठ-दहा दिवस माझ्याशीं धड बोलला नाहीं. एकदां म्हणाला, "मामा, तुमच्यामुळें संधि गेली." त्याला काय उत्तर द्यावें? रोग झाल्यावर बरा करणाऱ्या वैद्याला रोगी दाखवितां येतो. रोग होऊंच न देणाऱ्याजवळ दाखवावयास कांहींच नसतें. टळलेल्या नुकसानीचा पुरावा नसतो. ती नाव नव्या मालकाच्या हातीं नीट दुरुस्त होऊन सुखरूप चालत असेल, तर मला आनंदच वाटेल. आणि तरीही माझा सल्ला मी बदलणार नाहीं. भाचा यंदाही दुसऱ्याचीच नाव चालवितो आहे आणि एका मित्राबरोबर भागींत लहानशी, एका आउटबोर्डची नाव घेण्यासाठीं पैसे सांठवितो आहे. परवां एक नाव पाहून आला. मीं विचारलें, "कशी आहे?" तो म्हणाला, "अजून सांगतां येत नाहीं. भरतीला पाहिली. सुकतीला पुन्हां जाणार आहें."

बहिणीच्या वाडींत या वर्षीं सुपारी बरी आली आहे. सुपारीची वाळवण अंगणांत पसरलेली पाहिली, कीं त्या लाल रंगविलेल्या पायांची मला आठवण होते. श्रोतेहो, आपणांपैकीं फारच थोडे नाव घेतील. परंतु जुनें घर, जुनी मोटार, चालता धंदा, असें कांहींतरी आपण सर्वच केव्हांतरी घेतों, आणि तेथेंही कोणीतरी म्हणतच असतें कीं, थोडें काम आहे. त्या वेळीं ताज्या रंगावर एकदां नख ओढून पाहावें, जाणत्या वृद्धाला बरोबर न्यावें, आणि वस्तु पाहावयाची ती सुकतीच्या वेळीं पाहावी, एवढेंच माझें मागणें आहे.